गोठला एका जागी, फुटला दुसऱ्या जागी: एका पाइपचं प्रकरण

थंडीने पाइप फुटला की बहुतेक घरांत फुटलेला तुकडा कापून काढतात, नवा जोडतात आणि त्यावर जाडसर फोम चढवतात. हे करूनही पुढच्या कडाक्यात तोच पाइप पुन्हा फुटल्याची उदाहरणं मी पाहिली आहेत. फुटलेली जागा आणि गोठलेली जागा बहुधा एक नसते, हे लक्षात न घेतल्यामुळे असं होतं. खालचं प्रकरण त्या दृष्टीने फार बोलकं आहे, म्हणून सविस्तर लिहितो.

मला बोलावलं तेव्हा प्लंबर येऊन गेला होता. वरच्या मजल्यावरच्या न्हाणीघरात बेसिनखालच्या कपाटात गरम पाण्याचा तांब्याचा पाइप फुटला होता, तिथे नवा तुकडा बसला होता आणि पाणी सुरू झालं होतं. खालच्या मजल्यावरच्या एका खोलीचं छत फुगून उतरलं होतं. घरमालकांचा प्रश्न सरळ होता : "इतकी वर्षं या घरात राहतो, एकदाही गोठलं नाही. यंदा तर हिवाळ्याआधी गॅरेजच्या छताला इन्सुलेशन करून घेतलं. मग नेमकं यंदाच कसं फुटलं?"

या प्रश्नातच अर्धं उत्तर होतं.

घर आणि पाइपची वाट

घर दुमजली, लाकडी सांगाड्याचं. हे न्हाणीघर गॅरेजच्या डोक्यावर येतं आणि गॅरेजला हीटिंग नाही. गरम आणि थंड असे दोन्ही पाइप 15 मिलिमीटरचे, तांब्याचे. खालच्या मजल्यावरच्या गीझरजवळून ते निघतात, गॅरेजचं छत आणि न्हाणीघराची जमीन यांच्यामधल्या पोकळीतून तुळयांना समांतर साधारण चार मीटर जातात आणि मग आतल्या भिंतीतून वर चढून बेसिनच्या कपाटात निघतात. कपाट न्हाणीघराच्या आत आहे, उबेत आहे.

फुटलेला तुकडा प्लंबरने टाकून दिला नव्हता, हे माझं नशीब. तो हातात घेऊन पाहिला. पाइप एका जागी फुगला होता आणि फुगवट्यावर लांबीच्या दिशेने बोटाच्या पेराएवढी चीर गेली होती. चिरेच्या दोन्ही कडा बाहेरच्या बाजूला वळलेल्या, माशाच्या उघड्या तोंडासारख्या. कडेवर नख फिरवलं तर धातू पातळ होत होत फाटल्याचं जाणवत होतं. गंजून भोक पडलं असतं तर आतून खड्डे आणि हिरवट थर दिसला असता. इथे आतला भाग स्वच्छ होता. म्हणजे हा पाइप आतल्या दाबाने ताणून फाडला होता, आणि तो दाब घरातल्या पाण्याच्या नेहमीच्या दाबाच्या कैक पट होता.

पण ज्या कपाटात तो फुटला तिथे बर्फ होणं शक्यच नव्हतं. कपाटात बाटल्यांमधलं द्रवरूप सामान होतं, त्यातलं काही गोठलेलं नव्हतं. घरात माणसं राहत होती, हीटिंग रात्री कमी केलं होतं तरी चालू होतं. मग इथे इतका दाब आला कुठून?

बर्फ पाइप फोडतो कसा

पाणी गोठताना सुमारे 9 टक्के फुगतं, हे आपण शाळेत शिकतो आणि त्यावरून समजूत करून घेतो की बर्फ फुगून पाइपच्या भिंतीला आडवा रेटतो आणि पाइप फुटतो. प्रत्यक्षात पाइपच्या मधल्या भागात बर्फाचं बूच तयार होतं, तोवर सहसा काही बिघडत नाही, कारण फुगणाऱ्या बर्फासाठी सरकलेलं पाणी मागे, मुख्य लाइनच्या दिशेने ढकललं जातं. संकट सुरू होतं ते बूच पुरतं बसल्यावर. आता बूच आणि बंद नळ यांच्यामध्ये पाणी कोंडलेलं असतं. बूच नळाच्या दिशेने वाढत राहिलं की त्या कोंडलेल्या पाण्याला जागाच उरत नाही. पाणी जवळजवळ दाबलं जात नाही. मग दाब भराभर चढतो.

किती चढतो? बर्फ आणि पाणी एकत्र असताना तापमान शून्याखाली एक अंश उतरलं तर बर्फ साधारण 130 बारपर्यंत (बार हे दाबाचं एकक) दाब टाकू शकतो. घरातल्या नळाचा दाब तीन ते पाच बार असतो. दोन अंश खाली गेलं की तांब्याच्या घरगुती पाइपला फाडायला पुरेसा दाब तयार होतो. आणि हा दाब कोंडलेल्या पाण्यातून सगळीकडे सारखा पसरतो. जिथे पाइप वाकवताना पातळ झालाय, जिथे एल्बोजवळ, म्हणजे वळणाच्या जोडाजवळ, सोल्डरच्या आचेने तांबं मऊ पडलंय, तिथे तो बाहेर पडतो. ती जागा बर्फापासून दोन-तीन मीटर लांब, अगदी उबेतही असू शकते.

या घरात तसंच झालं होतं. म्हणून कपाटातला तुकडा बदलणं आवश्यक असलं तरी दुखणं तिथे नव्हतं. बर्फाची जागा शोधायची होती.

त्या रात्री आणि सकाळी काय घडलं

आदल्या आठवड्यात रात्रीचं तापमान उणे दोन-तीनच्या आसपास राहिलं आणि काहीच झालं नाही. त्या रात्री ते उणे नऊपर्यंत उतरलं, वर वाराही सुटला. वरची खोली रिकामी होती. न्हाणीघराचं दार ऊब वाया जाऊ नये म्हणून बंद ठेवलं होतं.

सकाळी सातच्या सुमाराला घरातल्या बाई तिथे गेल्या. गरम नळ उघडला. त्यांनी सांगितलेलं जसंच्या तसं लिहितो : "एकदम जोरात चिळकांडी उडाली, बेसिनबाहेर शिंतोडे आले, आणि मग थेंबही नाही. थंड नळाला मात्र बारीक धार होती. म्हटलं गोठलंय, ऊन वर आलं की सुटेल. नळ बंद केला आणि आम्ही कामाला गेलो."

या चार वाक्यांत सगळं प्रकरण आहे. चिळकांडी उडाली, याचा अर्थ त्या क्षणी पाइप शाबूत होता आणि आतलं पाणी भयंकर दाबाखाली होतं. आधीच फुटला असता तर दाब निघून गेला असता आणि नळातून काहीच आलं नसतं. नळ उघडताच दाब उतरला. त्या घडीला पाइप वाचला होता. मग नळ पुन्हा बंद झाला. बाहेर अजून कडाका होताच, बूच वाढत राहिलं, कोंडलेल्या पाण्यावर दाब पुन्हा चढला आणि या वेळी कपाटातल्या एल्बोखाली तांबं फाटलं. तेव्हा पाणी वाहिलं नाही, कारण बूच अजून जागेवर होतं. दुपारी हवा उबदार झाली, बूच वितळलं, आणि रिकाम्या घरात पाणी वाहू लागलं.

नळ नुसता उघडा ठेवला असता तर पाइप गोठलेला राहिला असता, पण फुटला नसता. यात त्या बाईंना दोष देण्यासारखं काहीच नाही. पाणी येत नसलेला नळ बंद करणं ही आपल्या सगळ्यांची सवय आहे. म्हणूनच हे पुन्हा पुन्हा सांगावं लागतं : गोठलेला नळ उघडा ठेवायचा. आणि घर सोडून जायचं असेल तर मुख्य कॉक बंद करून जायचं, म्हणजे वितळल्यावर पूर येत नाही.

मुख्य कॉकचंही एक प्रकरण झालं. शेजाऱ्यांनी पाणी पाहून फोन केला, घरमालक धावत आले, पण कॉक जिन्याखाली खोक्यांमागे होता आणि इतक्या वर्षांत कोणी फिरवलाच नसल्याने जाम झाला होता. छताचं निम्मं नुकसान त्या वेळात झालं.

दोन पाइप, एकच पोकळी

मला सगळ्यात जास्त विचार करायला लावला तो थंड पाण्याच्या पाइपने. तो गरम पाइपला चिकटून, त्याच पोकळीतून गेला होता. तोच वारा, तीच थंडी. तरी तो पुरता गोठला नाही आणि फुटलाही नाही.

गरम पाण्याचे पाइप जास्त फुटतात असं प्लंबर लोकांत जुन्या काळापासून बोललं जातं. भौतिकशास्त्रज्ञ एफ. सी. ब्राऊन यांनी 1916 मध्ये 'फिजिकल रिव्ह्यू' या नियतकालिकात यावर लिहिलं होतं. पाइपातलं पाणी शून्याला लगेच गोठत नाही. ते उणे चार-पाचपर्यंत पाणीच राहू शकतं आणि मग एकाएकी बर्फाच्या पातळ पात्या पाइपभर पसरतात. उणे चारवरून असं घडलं तर जेमतेम 5 टक्के पाण्याचा बर्फ होतो, पण पात्यांचं जाळं सगळी वाट अडवतं. तापवलेलं पाणी अशा तऱ्हेने जास्त खाली उतरून गोठतं, असं ते स्पष्टीकरण आहे.

या घरात मात्र इतकं लांब जायची गरज नव्हती. फ्लश टँकचं झाकण उघडलं तर बॉलकॉक, म्हणजे टाकी भरली की पाणी बंद करणारा कॉक, नीट बसत नव्हता आणि पाणी बारीक झिरपत होतं. रात्रभर थंड पाइपमधून थोडं थोडं पाणी सरकत राहिलं होतं. महिनोन् महिने दुरुस्त न झालेल्या त्या गळतीने थंड पाइप वाचवला होता.

हे आकड्यांत मांडून पाहू, कारण 'नळ टिपकत ठेवा' हा सल्ला सगळे देतात आणि किती ते कोणी सांगत नाही. 15 मिलिमीटरच्या पाइपमध्ये मीटरला साधारण 145 मिलिलिटर पाणी मावतं. उघडा पाइप उणे आठ-नऊच्या शांत हवेत मीटरमागे ढोबळ मानाने 5 वॉट उष्णता गमावतो. चार मीटरला 20 वॉट, म्हणजे तासाला 72 किलोज्यूल. आत येणारं पाणी 10 अंशांचं असेल तर ते शून्यावर येईपर्यंत लिटरमागे 42 किलोज्यूल देतं. म्हणजे तासाला दोन लिटरच्या आसपास पाणी सरकत राहिलं तरी हिशेब जुळतो. ही सुटे थेंब आणि धार यांच्या सीमेवरची, दोऱ्यासारखी धार झाली. वारा थेट पाइपवर लागत असेल तर जास्त लागेल. आणि धार त्या त्या पाइपवर हवी. मिक्सर नळाचा दांडा थंडाकडे ठेवून धार सोडली तर गरम लाइनला तिचा काही उपयोग नाही. हे मी अनेक घरांत पाहतो.

बूच कुठे बसलं होतं

गॅरेजच्या छताच्या फळ्या काढल्या. हिवाळ्याआधी बसवलेलं ग्लासवूल, म्हणजे काचतंतूंचं इन्सुलेशन, नवं कोरं होतं, भरपूर जाड होतं, आणि चुकीच्या बाजूला होतं. कामगारांनी ते वर, न्हाणीघराच्या जमिनीला घट्ट लावून दाबलं होतं. दोन्ही पाइप त्याच्या खाली, गॅरेजच्या बाजूला लटकत होते. पूर्वी इन्सुलेशन नव्हतं तेव्हा न्हाणीघरातली ऊब जमिनीतून पोकळीत झिरपायची आणि पाइप त्या फुकटच्या उबेवर तगून होते. नव्या इन्सुलेशनने ती ऊब अडवली. खोली उबदार झाली, पाइप उघड्यावर पडले.

इन्सुलेशन स्वतः ऊब तयार करत नाही. ते दोन बाजूंमध्ये भिंत घालतं. पाइप कोणत्या बाजूला आहे, यावर सगळं ठरतं.

याच्या जोडीला दुसरी गोष्ट होती. बाहेरच्या कडेच्या तुळईला कुठल्याशा वायरीसाठी भोक पाडलं होतं. वायर करंगळीएवढी, भोक अंगठ्याहून मोठं, भोवतीची फट तशीच. भोकासमोरचं ग्लासवूल एका वीतभर पट्ट्यात काळपट झालं होतं, बाकी सगळं पिवळंधमक. हा काळपटपणा ओलीचा नव्हता. वारा ग्लासवूलमधून जाताना धूळ मागे ठेवतो आणि गाळणीसारखा डाग पडतो. मी अशा डागांवर फार विश्वास ठेवतो. ते हवेच्या वाटेचा नकाशाच दाखवतात. काळा पट्टा जिथे पाइपला छेदत होता, तिथेच बूच बसलं असणार. पाइप तिथे फुगलेला नव्हता, चिरलेला नव्हता, अगदी धडधाकट होता.

वाऱ्याने पाइपचं तापमान बाहेरच्या हवेपेक्षा खाली जात नाही. पण शांत हवेत पाइपभोवती जो उबेचा पातळ थर राहतो तो वारा उडवून लावतो, आणि जे गोठायला रात्र लागली असती ते तासा-दोन तासांत गोठतं. इलिनॉय विद्यापीठाच्या बिल्डिंग रिसर्च कौन्सिलने अशा पाइपांवर प्रयोग केले आणि त्याचा अहवाल 1996 मध्ये आला. त्यातून बाहेरचं तापमान 20 अंश फॅरनहाइट, म्हणजे सुमारे उणे सात सेल्सियस, ही सावध होण्याची पातळी पुढे आली. थंडीची फारशी सवय नसलेल्या घरांत, हीटिंग नसलेल्या जागेतल्या उघड्या पाइपसाठी ती धरायची. या घरात उणे तीनला काही झालं नाही आणि उणे नऊला झालं, हे त्याच्याशी जुळतं. पण फटीतून वारा येत असेल तर मी त्या आकड्यावर विसंबणार नाही.

काय केलं

घरमालकांची पहिली इच्छा होती की पाइपवर हीटिंग केबल, म्हणजे विजेवर तापणारी वायर, गुंडाळावी. मी नको म्हटलं. केबल चांगली वस्तू आहे, जिथे दुसरा इलाजच नाही तिथे मी ती सुचवतोही, पण तिला वीज लागते, आणि ज्या वादळी रात्री पाइप गोठतात त्याच रात्री वीजही जाते. शिवाय साधी केबल स्वतःवरच आडवी आली किंवा ग्लासवूलखाली दबली तर आग लागू शकते. इथे तर पाइप उबेच्या बाजूला घेणं सहज शक्य होतं.

सगळ्यात आधी भोक बुजवलं. वायरीभोवती फोम सीलंट भरलं, मग कडेच्या तुळईचे सगळे सांधे सिलिकॉनने बंद केले. हे अर्ध्या दिवसाचं काम होतं आणि माझ्या मते निम्मा फायदा त्यातच होता. मग ग्लासवूल काढून पाइपच्या खाली बसवलं. पाइप आणि न्हाणीघराची जमीन यांच्यामध्ये मुद्दाम काहीही ठेवलं नाही. त्याखाली फळ्या परत लावताना सांध्यांना पट्टी मारली, कारण वारा आत शिरला तर ग्लासवूल असून नसल्यासारखं.

पाइपवर फोमच्या नळ्या चढवल्या का? चढवल्या, पण त्यांच्याकडून अपेक्षा मर्यादित ठेवली. 13 मिलिमीटर जाडीच्या नळीने उष्णता गमावण्याचा वेग निम्म्याहून कमी होतो. पाणी स्थिर असेल तर त्याने वेळ मिळतो, काही तासांचा. थंडी दोन दिवस हटली नाही आणि पाइप थंड बाजूलाच असेल, तर फोमच्या आतलं पाणीही शेवटी गोठतं.

न्हाणीघराच्या लाइनला गॅरेजमध्ये शिरण्याआधी, उबेच्या बाजूला, दोन स्वतंत्र कॉक आणि त्यांच्यापुढे, लाइनच्या सगळ्यात खालच्या बिंदूला, पाणी काढायच्या तोट्या बसवल्या. मुख्य कॉक बदलला. फ्लशचा बॉलकॉकही दुरुस्त केला. त्याने पाइप वाचवला हे खरं, पण त्यासाठी वर्षभर पाणी वाया घालवणं बरोबर नाही.

तांब्याऐवजी पेक्स, म्हणजे लवचीक प्लास्टिकचा पाइप, टाकावा का, असंही विचारणं झालं. पेक्स ताणला जातो, त्यामुळे गोठला तरी सहसा फुटत नाही, पण त्याचे जोड फुटू शकतात आणि गोठलेल्या पेक्समधूनही पाणी येत नाहीच. चांगला तांब्याचा पाइप उखडून पेक्स घालायला मला कारण दिसलं नाही.

काम झाल्यावर पोकळीत, त्या काळ्या पट्ट्याच्या जागी, दूरवरून वाचता येणारा छोटा तापमापक ठेवला. पुढच्या कडाक्यात बाहेर उणे दहा होतं तेव्हा पोकळीत सहा अंश होते. दार उघडं ठेवल्यावर आठ झाले. उबेच्या दृष्टीने न्हाणीघराचं उघडं दार म्हणजे त्या पाइपची हक्काची ऊब आहे, आणि बेसिनखालच्या कपाटाची दारं उघडी ठेवण्याचा सल्लाही याच कारणाने देतात.

पुन्हा गोठलंच तर

घरच्यांनी हे लिहून मागितलं म्हणून दिलं. नळ उघडा ठेवायचा. मुख्य कॉक कुठे आहे ते माहीत असलेलं एक माणूस घरात हवं. वितळवताना नळाच्या टोकापासून सुरुवात करून बुचाकडे सरकायचं, म्हणजे वितळलेल्या पाण्याला बाहेर पडायला वाट राहते. मधूनच तापवलं तर पाणी दोन बुचांमध्ये अडकून तिथेच पाइप फाडू शकतं. हेअर ड्रायर किंवा गरम पाण्यात बुडवलेली फडकी पुरतात. ब्लो लॅम्प, म्हणजे ज्वाळेचा दिवा, लाकडी घरात चालवायचाच नाही. त्याने पाइपचा सोल्डर सुटतो, आणि तुळई आतून धुमसत राहिली तर घर जातं. पाणी सुरू झाल्यावर लगेच निघून जायचं नाही, लाइनच्या प्रत्येक दिसणाऱ्या जोडावर कोरडा कागद फिरवून पाहायचा.

एक गोष्ट मात्र इथे अजून बाकी आहे. शॉवरची फांदी बाहेरच्या उत्तरेकडच्या भिंतीत आहे आणि ती आतल्या भिंतीत हलवायची तर टाइल्स फोडाव्या लागतील. घरमालकांनी ते काम पुढच्या उन्हाळ्यावर ठेवलं आहे. तोवर अंदाज उणे सातच्या खाली असेल तर शॉवरच्या दोन्ही लाइनना रात्रभर बारीक धार, आणि घर बंद ठेवून जायचं असेल तर दोन्ही कॉक बंद करून, तोट्यांतून पाणी काढून, शॉवर उघडा ठेवायचा. बेसिनच्या आणि कमोडच्या ट्रॅपमध्ये, म्हणजे सांडपाण्याच्या वाकड्या नळीत, पाणी उरतंच, तेही गोठून फुटू शकतं; त्यात प्लंबिंगसाठीचं बिनविषारी अँटीफ्रीझ ओतायचं, गाडीच्या रेडिएटरमधलं कधीही नाही.